शेवटच्या रविवारची बैठक: पुण्यातील एका गायनवर्गाचे परीक्षण

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर शास्त्रीय गायनाचा एक वर्ग भरतो. गेली अडीच वर्षे मी तेथे आठवड्यातून दोनदा जातो. माझे वय त्रेपन्न आहे, नोकरी बँकेतली आहे आणि वर्गात नाव घातले तेव्हा माझी संगीताची पुंजी गणपतीतल्या आरत्या आणि रेडिओवर ऐकलेली नाट्यगीते एवढीच होती. वर्गाचे नाव मी येथे देत नाही, कारण तो चालवणाऱ्या ताईंनीच तशी विनंती केली आहे. त्यांच्याकडे आधीच तेवीस विद्यार्थी आहेत आणि शिकवण्याची खोली जेमतेम बारा फूट बाय चौदा फूट आहे. तरीही हे परीक्षण लिहितो आहे, कारण या वर्गाची एक रीत अशी आहे की प्रौढ वयात गाणे शिकू पाहणाऱ्याने कोणत्याही वर्गात नाव घालण्यापूर्वी तिची चौकशी करावी. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी वाड्याच्या चौकात सतरंजी अंथरली जाते आणि प्रत्येक विद्यार्थ्याला, पहिला महिना असला तरी, बाकीच्यांसमोर बसून गावे लागते.

व्यवहाराचे आधी सांगतो. फी महिन्याला दोन हजार रुपये आहे, त्यात एकेका तासाचे आठ वर्ग आणि महिन्याची बैठक येते. एका वेळी चारच जण बसतात. एकट्याने शिकायचे असल्यास साडेतीन हजार, परंतु ताई स्वतःच तसे करू नका असे सांगतात. बैठकीला तबला वाजवणाऱ्या गृहस्थांचे मानधन सर्वांनी वाटून द्यायचे असते, ते माणशी दीडशे रुपयांच्या आसपास पडते. तानपुरा विकत घेण्याची सक्ती नाही. उलट पहिल्या वर्षी घेऊच नका, मोबाईलवरचा तानपुरा लावून रियाज करा, असा त्यांचा आग्रह असतो. वर्गातला तानपुरा मिरजेचा आहे. तेथील कारागीर पंढरपूर-मंगळवेढे भागातल्या भोपळ्यांपासून तानपुरे घडवतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले; पण ज्याला अजून तो जुळवता येत नाही त्याने हजारो रुपये खर्चून आणलेले वाद्य पावसाळ्यात कोपऱ्यात बेसूर होऊन पडते, हे ताईंनी पुष्कळदा पाहिले असावे.

बाई शिकवत असल्या आणि शिकणारा पुरुष असला, किंवा याच्या उलट असले, तर पट्टीचा, म्हणजे ज्या उंचीवरचा सा धरून गायचे तिचा, प्रश्न येतो. जाहिरात वाचून वर्ग निवडणाऱ्याच्या तो ध्यानातही येत नाही. ताईंची पट्टी काळी चार, माझी काळी एक (पेटीवरच्या काळ्या पट्ट्यांच्या क्रमाने दिलेली ही नावे). पूर्वी मी दुसऱ्या एका वर्गात तीन महिने गेलो होतो. तेथे स्त्रिया, पुरुष आणि मुले यांना एकत्र बसवून एकाच पट्टीत गाऊन घेत असत, त्यामुळे मी कधी खर्जात, म्हणजे अगदी खालच्या स्वरांत, पुटपुटत असे तर कधी तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा-ला, घसा ताणत असे, आणि आपल्याला आवाजच नाही अशी माझी समजूत झाली होती. ताईंनी पुरुषांचे दिवस वेगळे ठेवले आहेत. आमच्या दिवशी तानपुरा काळी एकमध्ये जुळलेला असतो आणि त्या स्वतः आपली पट्टी सोडून खालच्या षड्जात शिकवतात. त्यांना ते सोयीचे नाही, हे ऐकताना कळते.

आधी षड्ज, मग अलंकार, म्हणजे स्वरांचे ठरावीक पलटे, मग भूप हा राग, असा नेहमीचाच क्रम आहे. भूपात मध्यम (म) आणि निषाद (नी) नाहीत, पाचच स्वर आहेत, म्हणून नवशिक्याला तो सोपा समजून देतात. प्रत्यक्षात त्याचा वादी, म्हणजे सर्वांत महत्त्वाचा, स्वर गंधार (ग) असल्यामुळे तो गंधार जरा वर चढला तरी लपवायला जागा उरत नाही. येथे या वर्गाचा एक नियम मला सुरुवातीला जाचक वाटला होता: शिकताना हार्मोनिअम मिळत नाही. पेटीची पट्टी दाबून स्वर शोधण्याची सवय लागली की कान आळशी होतो, असे ताई म्हणतात. शिवाय हार्मोनिअमचा गंधार तानपुऱ्याच्या गंधारापेक्षा किंचित चढाच असतो, कारण त्यात सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत या पेटीला बंदी घातली होती, त्यामागच्या आक्षेपांत हा ठरलेल्या स्वरांचा आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, निघत नसल्याचा आक्षेपही होता. मला हे वाचून माहीत होते, पण पटले ते आठव्या महिन्यात. तानपुऱ्याची खर्जाची तार छेडल्यावर तिच्यातून, कोणीही न गाता, एक बारीक गंधार उमटतो. ताई पहिल्या दिवसापासून तो ऐका म्हणत होत्या आणि मी होय होय म्हणत होतो. एका मंगळवारी पाऊस पडत असताना, वीज गेलेली असताना, तो खरोखरच ऐकू आला. त्यानंतर मोबाईलवरच्या तानपुऱ्यातही मी तो शोधू लागलो.

इथवरचे सारे एखाद्या चांगल्या वर्गात मिळू शकते. दोन हजारांतला निम्मा वाटा मी ज्यासाठी देतो असे मला वाटते, ती गोष्ट मात्र शेवटच्या रविवारची.

बैठक संध्याकाळी पाच वाजता सुरू होते. विद्यार्थी, त्यांच्या घरची मंडळी आणि वाड्यातली दोन बिऱ्हाडे मिळून पंचवीस-तीस माणसे होतात. ध्वनिक्षेपक नाही, निवेदन नाही, हार-तुरे नाहीत. कोणी कधी गायचे हे रागाच्या प्रहरावर, म्हणजे तो राग दिवसाच्या ज्या वेळी गातात त्यावर, ठरते, शिकण्याच्या ज्येष्ठतेवर नाही. भीमपलास आधी, दिवेलागणीच्या सुमारास पूरिया धनाश्री, त्यानंतर यमन, मग भूप. याचा परिणाम गमतीदार होतो. एरवी मैफलीत ज्येष्ठ गवई शेवटी गातो. येथे पूरिया धनाश्रीपर्यंत पोचलेली विशारदाची विद्यार्थिनी साडेसहालाच गाऊन मोकळी होते आणि भूपात अडकलेले आम्ही नवशिके, तिचे गाणे कानात घेऊन, आठ वाजता सर्वांच्या शेवटी बसतो. पहिल्या चार-पाच बैठकांत मला ही शिक्षा वाटत असे. तीन तास पोटात गोळा घेऊन बसणे आणि तरीही पुढच्याचे गाणे ऐकत राहणे सोपे नाही. पण ऐकावे तर लागतेच, कारण गाऊन झालेला कोणी उठून जात नाही, तशी तेथे पद्धतच नाही.

माझ्या तिसऱ्या बैठकीत झाले ते सविस्तर सांगितले पाहिजे. मी भूपातला मध्यलय त्रितालाचा, म्हणजे सोळा मात्रांच्या तालातला, छोटा ख्याल घरी महिनाभर घोकला होता. मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून उठणारा होता; सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा. घरी मोबाईलवर ठेका लावला की पडद्यावर मात्रेचा आकडा उजळतो, आणि मी तो आकडा पाहून मुखडा उचलत होतो. माझा समज असा होता की मी ताल ऐकतो आहे. चौकात आकडा कोठून असणार? दोन आवर्तने बरी गेली, तिसऱ्यात एक आलाप घेतला, परतलो आणि मोठ्या आत्मविश्वासाने सम म्हणून जेथे आलो ती खाली होती. तबलजींनी पुढच्या समेचा धा जोरात दिला, तरी मला उमगेना. तेव्हा समोर बसलेल्या दहा वर्षांच्या मुलीकडे माझे लक्ष गेले. ती हातावर ताल देत होती, आणि खाली आली की हात उताणा करून बाजूला नेत होती. मी तिच्या हाताकडे पाहून दोन आवर्तने नुसता थांबलो आणि तिसऱ्यांदा हात उताणा झाला तेव्हा मुखडा उचलला. सम बरोबर पडली. तीस माणसांनी एकदम मान हलवली आणि मागून कोणीतरी वा म्हटले, ते वा माझ्या गळ्यासाठी नव्हते हे मला ठाऊक आहे. गाऊन झाल्यावर ती मुलगी जवळ येऊन म्हणाली, "काका, तुम्ही आकडे मोजू नका, डग्गा ऐका. खालीला तो गप्प होतो." (डग्गा म्हणजे तबल्याच्या जोडीतले डाव्या हाताचे वाद्य.)

तीन महिने वर्गात ताईंनी हेच सांगितले नसेल असे नाही. पण वर्गात चूक झाली की शिकवणारा थांबवतो, दुरुस्त करतो, आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. थांबण्याची ही मुभा असल्यामुळे चुकल्यावर परत येण्याचा मार्ग शिकायचा राहूनच जातो. चार माणसांसमोर बसले की ठेका चालू राहतो, तानपुरा चालू राहतो, आणि चालत्या गाण्यात पुन्हा शिरावे लागते. ही विद्या एकट्याच्या रियाजात साधत नाही, मी करून पाहिले आहे. वहीसुद्धा बैठकीला वर्ज्य आहे. भातखंडे यांच्या पद्धतीने लिहिलेले स्वर वर्गात समोर असतात, मात्र चौकात जे कंठस्थ आहे तेवढेच आपले.

विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय काढले, ते राजाश्रयावर न चालता लोकांच्या वर्गणीवर आणि तिकीट लावून केलेल्या जलशांवर चालावे अशी त्यांची धडपड होती. शाळेत शिकवणे आणि लोकांसमोर गाणे ही दोन्ही कामे त्यांनी जोडीने चालवली. पुण्यातच भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये भारत गायन समाज उभा केला. गाणे घराण्याच्या उंबऱ्याबाहेर आणून सामान्य घरातल्या मुलामुलींना शिकवणारी ही परंपरा आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी असताना, आजच्या अनेक वर्गांत शिकवणे उरले आहे आणि जलसा गळून पडला आहे. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षा होतात, प्रमाणपत्रे चौकटीत बसवली जातात. ज्याच्यासमोर गायले असा माणूस म्हणाल तर एक परीक्षक. परीक्षांना माझा विरोध नाही. मी स्वतः प्रारंभिक दिली, तिला लेखी पेपर नसतो हे माझ्यासारख्याचे भाग्य. त्या निमित्ताने अलंकार पक्के झाले, हेही खरे. पण परीक्षकासमोर मी गुणांचा हिशेब मनात धरून गायलो, आणि असे गाणे कोणी दुसऱ्यांदा ऐकायला मागणार नाही.

दुसऱ्यासाठी गाणे म्हणजे काय, ते मला चौकातही पुरते कळले नव्हते. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, ताई पाच-सहा विद्यार्थ्यांना घेऊन शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात जातात. गेल्या खेपेस त्यात मी होतो. माझा भूप शांतपणे, म्हणजे फारसे कोणी लक्ष न देता, ऐकून घेतला गेला. नंतर एका आजींनी अभंग म्हणा असा हट्ट धरला आणि मी सुरू करताच त्याही गाऊ लागल्या, माझ्या षड्जाच्या बऱ्याच खाली आणि मनाला येईल त्या लयीत. मी ताईंकडे पाहिले. त्यांनी पेटीवर पट्टी बदलली, आजींच्या सुराला जवळ पडेल अशी, आणि मला खुणेने हळू गा म्हणून सांगितले. गुणांच्या दृष्टीने ते माझे सर्वांत वाईट गाणे असेल. खालचे स्वर घशातून निघत नव्हते. अभंग संपला तेव्हा खोलीतली दहा-बारा माणसे म्हणत होती, एक आजोबा खाटेच्या लाकडावर ठेका धरून होते, आणि त्या आजींनी मला बसवून घेऊन दुसरा कोणता येतो म्हणून विचारले. दुसरा येत नव्हता. त्यानंतरच्या महिन्यात मी दोन अभंग बसवून घेतले, कारण यंदा पुन्हा जायचे आहे.

याच्या तुलनेत गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम मला निराशाजनक वाटतो, आणि तसे मी ताईंना सांगितलेही आहे. आषाढातल्या एका रविवारी सभागृह भाड्याने घेतले जाते, खर्चाचे माणशी सहाशे रुपये द्यावे लागतात, प्रत्येकाला सात मिनिटे मिळतात. ध्वनिक्षेपकाच्या लहरीप्रमाणे कोणाचा तबला ऐकू येतो तर कोणाचा नुसता श्वास. छायाचित्रे निघतात. आपले मूल गाऊन झाले की पालक मुलाला घेऊन उठतात, त्यामुळे कार्यक्रमपत्रिकेत शेवटी येणाऱ्या आम्हा प्रौढांसमोर रिकाम्या खुर्च्या असतात. चौकातल्या तीस माणसांना जे जमते ते दोनशे खुर्च्यांच्या सभागृहाला जमत नाही, असा माझा अनुभव. ताईंचे म्हणणे वेगळे आहे: मुलांना मंचाची भीती लहानपणीच घालवली पाहिजे, आणि ती सतरंजीवर जात नाही. मुलांच्या बाबतीत त्यांचे खरे असेल.

तक्रारी आणखी आहेत. लग्नसराईत आणि डिसेंबरात, ताईंचे स्वतःचे कार्यक्रम असतात तेव्हा, वर्ग बुडतात. ते भरून दिले जातात, पण केव्हा हे आदल्या रात्री कळते. नोकरी करणाऱ्याला ते अवघड पडते. वाड्याचा जिना अरुंद आणि अंधारा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी त्याचा विचार करावा. गाडी लावायला जागा नाही. सुट्टीत बाहेरगावी असताना व्हिडिओ कॉलवर शिकण्याची सोय आहे. तिचा उपयोग एकामागून एक आळीपाळीने गाण्यापुरताच होतो, कारण आवाज पोचायला लागणाऱ्या क्षणभराच्या उशिरामुळे तालात एकत्र गाणे अशक्य ठरते. बैठकीचे ध्वनिमुद्रण करू देत नाहीत, हे मला अजूनही पटलेले नाही. स्वतःचे चुकलेले गाणे पुन्हा ऐकावे अशी माझी इच्छा असते. ताई म्हणतात, ज्यांनी ऐकले त्यांना विचारा.

विचारले की ते सांगतातही. हा या बैठकीचा दुसरा लाभ, आणि तो पहिल्यापेक्षा उशिरा लक्षात येतो. तेवीस जणांची गाणी महिन्यातून एकदा ऐकत राहिल्यामुळे मी श्रोता म्हणून बदललो. एका वर्गमित्राने देसकार गायला तेव्हा, त्यात भूपाचेच पाच स्वर असताना, धैवतावर जोर आल्याने तो राग कसा वेगळा होतो हे मला पुस्तकाशिवाय ऐकू आले. (देसकार सकाळचा, सुट्टीतल्या एका बैठकीला आम्ही सकाळी आठला जमलो होतो, म्हणून तो ऐकायला मिळाला.) भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला मी वीस वर्षे जात आलो आहे, खरे सांगायचे तर मित्रांसाठी, खाण्याच्या स्टॉलसाठी आणि डिसेंबरातल्या थंडीसाठी. गेल्या वर्षी पहिल्यांदाच असे झाले की मंडपातली गर्दी वा म्हणण्याच्या एक मात्रा आधी मला सम येते आहे हे समजले होते. शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थाने माझ्या मांडीवरच्या हाताकडे पाहिले आणि विचारले, "शिकता का?"

घरच्यांना याचा काय लाभ, हा प्रश्न माझ्या पत्नीने विचारला आहे, तो येथे नोंदवणे प्रामाणिकपणाचे होईल. पहाटे साडेपाचला खर्जाचा रियाज करणारा माणूस दोन खोल्यांच्या घरात इतरांना सुखाचा होत नाही. तिने तोडगा काढला आहे: मी स्वयंपाकघराचे दार लावून बसतो आणि सर्वांचा चहा करतो. ती बैठकीला मात्र येते, आणि माझा गंधार चढला की वाड्यातून बाहेर पडण्याआधीच सांगते. ती कधी गाणे शिकलेली नाही. अडीच वर्षे शेवटच्या रविवारी सतरंजीवर बसून तिचा कान माझ्याइतकाच तयार झाला आहे, आणि त्याची फी आम्ही भरलेली नाही.

तेव्हा वर्गाची चौकशी करायला जाल तेव्हा फी, वेळ आणि परीक्षांचा निकाल याच्याबरोबर एवढे विचारा की विद्यार्थी एकमेकांसमोर कधी गातात, आणि शक्य असेल तर नाव घालण्यापूर्वी त्या दिवशी श्रोता म्हणून जाऊन बसा. चुकलेल्याला समोरची माणसे कशी सांभाळून घेतात ते पाहा. पोरे हातावर ताल देत असतील तर तेही. मला या महिन्यात दुर्गा दिला आहे, झपतालात, दहा मात्रांचा. दुर्गा रात्रीच्या दुसऱ्या प्रहराचा, म्हणजे माझी पाळी भूपवाल्यांच्याही नंतर. त्या रविवारी घरी यायला दहा वाजतील.